मान्यवरांचं नाक

नाकाच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवू नये, असं मान्यवरांचं ठाम मत होतं. बाकी कुठल्याच बाबतीत त्यांना मत नव्हतं. भाजी कुठली करायची, पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे, खिडकी उघडी ठेवायची की बंद, अशी चर्चा घरात निघाली की ते वर्तमानपत्र उघडत आणि निकाल लागला की मिटून ठेवत. पण समोरच्यानं नुसतं नाक ओढलं तरी मान्यवर सरसावून बसत. "ही कोरडी सर्दी. ही धुळीची. आणि ही सर्दी नाहीच, ही रडलीय." निदान बसल्याजागी, औषध लगोलग, आणि वर फी नाही!

मान्यवर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गाद्या-उशांच्या एका कारखान्यात ते गोदामप्रमुख होते. दर सोमवारी वरच्या मजल्यावर बैठक व्हायची. मालक, म्हणजे मोठे साहेब, एखादा प्रस्ताव मांडायचे. विक्रीप्रमुख म्हणायचे, "मान्य." हिशेबनीस म्हणायचे, "मान्य." मग दाराजवळच्या खुर्चीतून गोदामप्रमुखांचं शेवटचं "मान्य" यायचं. ते इतकं गोल, इतकं गुळगुळीत आणि इतकं वेळेवर यायचं की त्याच्यानंतर चहाच मागवायचा उरे. कारखान्यानं त्यांना मान्यवर करून टाकलं. त्यांनी तेही मान्य केलं.

तर या मान्यवरांना सर्दी झाली.

सर्दी आली तशी गेली, पण जाताना नाकाला कुलूप लावून गेली. जे पुढच्या दारानं बाहेर पडायचं ते आता मागच्या दारानं घशात उतरू लागलं. थेंब थेंब, दिवसभर. दर दोन वाक्यांनी त्यांना खाकरावं लागे, आणि ते खाकरणं म्हणजे कुणीतरी भरलेलं लोखंडी कपाट फरशीवरून ओढत नेतंय असा आवाज. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा वर येऊन विचारलंसुद्धा, "घर बदलताय का?"

"अहो, डॉक्टरांकडे जाऊन या," बायको म्हणाली.

"डॉक्टर? दाक बाझं की डॉक्टराचं?"

"नाक तुमचंच. पण ऐकायला आम्हाला लागतं."

"तीद दिवसांत बोकळं करूद दाखवतो!" मान्यवरांनी जाहीर केलं.

एव्हाना सुज्ञ वाचकांच्या लक्षात आलंच असेल, की नाक बंद झाल्यावर माणसाच्या तोंडून तीन अक्षरं पार हद्दपार होतात. 'म' म्हणायला जावं तर 'ब' येतो, 'न' म्हणायला जावं तर 'द' आणि 'ण' म्हणायला जावं तर 'ड'. एरवी याची गंमत वाटते. पण मराठीत हा प्रकार धोक्याचा आहे, कारण इथे मामाचा बाबा व्हायला वेळ लागत नाही.

आणि तो झालाच. बायकोच्या मामांचा फोन आला. मान्यवरांनी उचलला आणि आदरानं म्हणाले, "दबस्कार बाबा!"

मामांना मूलबाळ नव्हतं.

"काय म्हणालास?" मामांचा आवाज कापरा झाला.

"बाबा भडालो! बाबा!"

संध्याकाळी मामा रिक्षा करून आले. सोबत स्वतःचं जुनं मनगटी घड्याळ होतं. ते त्यांनी मान्यवरांच्या हातावर बांधलं, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मला आधी का नाही म्हणालास रे?" बायकोनं खुलासा करायला तोंड उघडलं, मामांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. मान्यवरांनी नेहमीप्रमाणे मान डोलावली. म्हणजे पन्नाशीच्या घरात ते दत्तक गेले.

इलाज मात्र जोरात चालू होते. आधी वाफ. पातेल्यावर वाकून, डोक्यावरून टॉवेल घेऊन मान्यवर इतक्या निष्ठेनं वाफ घेत की नाकाचा शेंडा भाजून निघाला. आता नाक आतून बंद होतं आणि बाहेरून लाल होतं. मग त्यांनी औषधाच्या दुकानातून नाकात टाकायचे थेंब आणले. दुकानदार म्हणाला, "काका, तीन-चार दिवसांच्या वर वापरू नका हं." मान्यवरांच्या मते ती सूचना सर्वसामान्य नाकांसाठी होती. थेंब टाकले आणि काय सांगावं! दोन मिनिटांत नाक रिकाम्या बोगद्यासारखं मोकळं! तासाभरानं पुन्हा बंद. पुन्हा थेंब. पुढे पुढे बाटली शर्टाच्या खिशात पेनाशेजारी राहायला आली. महिने गेले. थेंबांचा असर घटत गेला आणि नाक हट्टाला पेटत गेलं. पण स्वतःच्या इलाजाला नावं ठेवणाऱ्यांतले मान्यवर नव्हते.

अशा अवस्थेत एक सोमवार उजाडला.

मोठ्या साहेबांचे चिरंजीव, म्हणजे धाकटे साहेब, नुकतेच कसलासा अभ्यासक्रम करून परतले होते आणि त्यांच्या डोक्यात सुधारणा भरल्या होत्या. आपल्याच कारखान्यातल्या गादीत कापूस भरतात तशा, ठासून. त्या दिवशी त्यांनी पहिली सुधारणा मांडली, दुपारच्या जेवणाची सुट्टी निम्मी करायची.

"जेवायला एवढा वेळ लागतोच कशाला?" धाकटे साहेब म्हणाले. "मी पाच मिनिटांत जेवतो."

"तू चावत नाहीस," मोठे साहेब म्हणाले. "बरं. कुणाचं काही म्हणणं?"

"मान्य," विक्रीप्रमुख म्हणाले.

"मान्य," हिशेबनीस म्हणाले.

मान्यवरांनी घसा साफ केला. कपाट फरशीवरून ओढलं गेलं. सगळ्यांनी दचकून दाराकडे पाहिलं.

"बाद्य," मान्यवर म्हणाले.

टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पण गाद्यांच्या कारखान्यात टाचणीसुद्धा मऊ जागी पडते, म्हणून तीही नाही.

"बाद?" मोठे साहेब पुढे वाकले.

आपलं बोलणं पोचलं नाही असं वाटून मान्यवर घाबरले आणि मोठ्यानं म्हणाले, "बाद्य, साहेब! अगदी बदापासूद बाद्य!"

"अहो, पण का?" धाकटे साहेब.

मान्यवरांच्या कपाळावर घाम आला. ते उभे राहिले. "साहेब, बी बाद्य भडालो! भडजे बाद्य!"

"ते भडकलेत," विक्रीप्रमुख हळूच हिशेबनिसांना म्हणाले.

"दाही दाही! बी भडालो..."

"बसा, बसा, मान्यवर. भडकू नका," मोठे साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मुलाकडे वळले. "हे बघ. हा माणूस माझ्याकडे लागल्यापासून आज पहिल्यांदा विरोधात बोलतोय. तेसुद्धा उभं राहून. यात काहीतरी असलं पाहिजे. सुट्टी आहे तेवढी राहू दे."

मान्यवर जिना उतरून खाली येईपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. शिलाई विभागातल्या बायका गादीच्या खोळी शिवत बसलेल्या असत. त्या दिवशी ते दारातून जाऊ लागले आणि सगळ्या यंत्रं थांबवून उभ्या राहिल्या. त्यांच्या म्होरक्या होत्या मावशी. कारखान्यात सगळेच त्यांना मावशी म्हणत, मोठे साहेबसुद्धा.

"भाऊ," मावशी म्हणाल्या, "घास तोंडातून काढून घेत होते आमच्या. तुम्ही वाचवलात."

"बी काही केलं दाही, बावशी!"

"बघा गं! एवढं करून काही केलं नाही म्हणतात!"

संध्याकाळपर्यंत मान्यवर हे नाव मागे पडलं. 'बाद' म्हणणारा तो बादशहा!

आता खरं सांगायचं तर बादशहांना हे सगळं वाईट वाटलं असं नाही. गोदामात हमाल त्यांच्यासाठी आपणहून बाजूला होऊ लागले. कॅन्टीनवाला बिनसाखरेचा चहा न सांगता आणू लागला. शिलाईतल्या बायकांनी त्यांच्या लाकडी खुर्चीसाठी कडेला झालर लावलेली एक उशी शिवून दिली. तिच्यावर बसलं की बोटभर उंच झाल्यासारखं वाटे. आरशासमोर उभं राहून त्यांनी एकदा हळूच म्हणून पाहिलं, "बाद." मग लगेच दचकून मागे पाहिलं. बायको टॉवेल घेऊन उभी होती.

"वाफ तयार आहे, बादशहा."

पण नोकरी ती नोकरी. पुढच्या सोमवारी आपण तोंडच उघडायचं नाही, नुसती मान हलवायची, असं ठरवून मान्यवर बैठकीला गेले. त्या दिवशीची सुधारणा होती शिलाईतल्या बायकांच्या खुर्च्या काढून घेण्याची. उभ्यानं काम जलद होतं, असं धाकट्या साहेबांच्या अभ्यासक्रमात होतं.

"तर माझं असं म्हणणं आहे..." धाकट्या साहेबांनी सुरुवात केली.

"अंहं... ख्खखर्र!" मान्यवरांच्या घशात थेंब उतरला होता.

धाकटे साहेब थांबले. "म्हणजे खुर्च्या जर आपण..."

"ख्खर्र... अंहं!"

"...सगळ्या नाही, काही खुर्च्या..."

"अंहं! अंहं! ख्खर्र!"

"एखादीच खुर्ची," धाकटे साहेब पडलेल्या आवाजात म्हणाले, "प्रयोग म्हणून."

मान्यवरांनी रुमाल तोंडाला लावला, डोळे मोठे केले, श्वास कोंडला, लालबुंद झाले आणि शेवटी असे खाकरले की खिडकीतलं कबूतर उडालं.

"राहू दे रे," मोठे साहेब म्हणाले. "बघ किती संतापलेत ते."

आता धाकटे साहेब काही बुद्धीनं अधू नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मान्यवरांना आपल्या खोलीत बोलावलं, दार लावलं, पाण्याचा पेला पुढे केला.

"तुमची माझ्यावर नाराजी काय आहे ते एकदा सांगून टाका."

"दाराजी? छे छे! बाझं दाक बद्द आहे हो!"

"काय बंद आहे?"

"दाक! दाक!" मान्यवरांनी नाकावर बोट आपटलं. तिथे भाजलेलं होतं, त्यामुळे डोळ्यांत पाणीही आलं.

धाकटे साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू, पहाट व्हावी तसं हसू पसरलं. "म्हणा बरं, 'मान्य'."

"बाद्य."

"आई शप्पथ!" धाकटे साहेब खुर्चीतून उठले. "म्हणजे तुम्ही आमच्या बाजूचेच!"

"कायबचा!" मान्यवर गहिवरून म्हणाले.

धाकट्या साहेबांनी स्वतःची गाडी काढली आणि त्यांना तडक नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. इतकी घाई कशाला ते त्यांनी वाटेत सांगितलं. येत्या सोमवारी सगळ्यात मोठा प्रस्ताव होता. शिलाईचं नवं यंत्र यायचं होतं. ते एकटंच सगळ्या खोळी शिवणार होतं. शिलाई विभाग बंद, मावशींसकट सगळ्या जणी घरी.

"बाबा आता तुमच्या तोंडाकडे बघून निर्णय घेतात," धाकटे साहेब म्हणाले. "म्हणून सोमवारी तुमचं 'मान्य' मला खणखणीत पाहिजे. नाकाचा सगळा खर्च माझा."

मान्यवरांनी नेहमीसारखी मान डोलावली. पण गाडीच्या काचेतून बाहेर बघताना त्यांना त्या झालरवाल्या उशीची आठवण झाली आणि बसल्याजागी उगीचच टोचल्यासारखं झालं.

डॉक्टर बाई होत्या, शांत आणि मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी बारीक दिवा लावलेली नळी नाकात घालून पाहिलं, घसा पाहिला, आणि मग त्यांची नजर शर्टाच्या खिशाकडे गेली.

"हे थेंब किती दिवस चालू आहेत?"

मान्यवरांनी छताकडे पाहिलं. "दिवस दाही. बहिदे."

"महिने!" डॉक्टरांनी बाटली काढून घेतली. "अहो, हे थेंब चार दिवसांचे पाहुणे. जास्त ठेवून घेतले की नाकाला त्यांची सवय लागते. असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, मग तुम्ही पुन्हा थेंब टाकता. सर्दी तुमची केव्हाच गेली. आता जे आहे ते तुमच्या औषधाचं."

मान्यवरांचं आयुष्यातलं एकमेव ठाम मत त्या खोलीत, स्टीलच्या ट्रेमध्ये, त्या बाटलीसोबत निकालात निघालं.

डॉक्टरांनी थेंब पूर्ण बंद केले, सूज उतरवणारा वेगळा फवारा दिला, झोपताना डोकं थोडं उंच ठेवायला सांगितलं, गोदामातल्या कापसाच्या धुळीसाठी तोंडावर मास्क बांधायला सांगितला, आणि रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगितलं. "पाणी उकळून कोमट केलेलं. बेसिनवर वाकायचं, मान तिरकी, तोंड उघडं, श्वास तोंडानं. या नाकपुडीतून घातलेलं त्या नाकपुडीतून येईल. आणि त्या वेळी बोलायचं अजिबात नाही."

"ते बला जबतं," मान्यवर म्हणाले.

जमलं नाही. पहिल्याच दिवशी बेसिनवर वाकल्यावाकल्या त्यांनी बायकोला विचारलं, "येतंय का गं?" आणि पाणी नाकातून, तोंडातून आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कानातूनही आलं. बायकोनं पाठीवर थापा मारल्या. पण दुसऱ्या दिवशी ते गप्प राहिले, आणि एका बाजूनं गेलेलं पाणी दुसऱ्या बाजूनं शहाण्या मुलासारखं बाहेर आलं. बायको बघतच राहिली. "अगंबाई! म्हणजे आत रस्ता आहे!"

थेंब सुटल्यामुळे पहिले दिवस फार वाईट गेले. नाक असं चिकटलं की मान्यवर मासळीसारखं तोंड उघडून बसत. मग एका बाजूला बारीकशी शिट्टी वाजली. वारा येत होता.

आणि इथून पुढे कारखान्यात त्यांच्या नाकाला जे महत्त्व आलं ते भल्याभल्या माणसांना येत नाही. धाकट्या साहेबांचा सकाळ-संध्याकाळ फोन, "नाक काय म्हणतंय?" त्यांनी गोदामात हवा स्वच्छ करायचं यंत्र बसवलं. इकडे नव्या यंत्राची बातमी शिलाईत पोचली, तशी दुपारी न मागता मान्यवरांच्या टेबलावर आइस्क्रीम येऊ लागलं. पंख्याचा वेग आपोआप वाढू लागला. एकदा तर कुणीतरी त्यांच्या खुर्चीमागे कापूस पिंजायला बसलं.

शेवटी शनिवारी मावशी त्यांच्या घरी आल्या. बायकोनं पाणी दिलं. मावशींनी पेला हातात धरून ठेवला.

"भाऊ, स्पष्टच बोलते. नाक एवढ्यात बरं करू नका."

मान्यवर गोंधळले. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" 'म' अर्धा आला होता आणि 'न' वाटेत होता.

"माझी लेक लहानपणी अशीच बोलायची. पहिल्या दिवशीच कळलं मला, तुम्ही 'मान्य' म्हणाला होता ते."

मान्यवरांचे कान तापले. "मग तुम्ही ती उशी..."

"तुमच्या नाकानं आम्हाला जेवायला वेळ दिला, बसायला खुर्ची दिली. आता नोकरी तेवढी राहू दे. एका सोमवारचा प्रश्न आहे. नंतर खुशाल बरे व्हा." मावशींनी पेला खाली ठेवला. पाणी तसंच होतं. "माझं राहू द्या, मी म्हातारी झाले. पण दोघी-तिघींचं घर त्या सुईवरच चालतं. यंत्राला काय, त्याला घर नसतं."

त्या गेल्यावर मान्यवर बराच वेळ पायपुसण्याकडे बघत बसले.

"त्यांना मी नको आहे," ते म्हणाले. "माझं नाक हवंय."

"मग तुम्ही मोकळ्या नाकानं बोला की," बायको म्हणाली.

"मोकळ्या नाकानं मला बोलता येत नाही."

बायकोनं मिठाचं पाणी गॅसवर ठेवलं. मान्यवरांनी घड्याळाकडे पाहिलं, बेसिनकडे पाहिलं. त्या दिवशी नाक धुतलंच नसतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. ते उठले, वाकले आणि त्यांनी नाक धुतलं. का धुतलं ते त्यांना आजही सांगता येत नाही.

सोमवारी ते कारखान्यात शिरले आणि दारातच थबकले. वास! महिन्यांमागून पहिल्यांदा वास येत होते. नव्या कापडाचा, यंत्राच्या तेलाचा, भिजलेल्या पोत्याचा, कुणाच्या तरी डब्यातल्या फोडणीचा. इतकी वर्षं आपण या वासांत वावरलो हे त्यांना नव्यानं कळलं. शिलाईच्या दारावरून जाताना आतली यंत्रं थांबली. कुणी उभं राहिलं नाही. सगळ्या फक्त बघत होत्या.

जिन्यावर धाकटे साहेब वाटच बघत होते. "म्हणून दाखवा."

"मान्य," मान्यवर म्हणाले. घंटेसारखं वाजलं.

"वा!" धाकट्या साहेबांनी त्यांचा हात हातात घेऊन दाबला.

बैठक सुरू झाली. धाकट्या साहेबांनी यंत्राचं चित्र दाखवलं, वेग सांगितला, फायदे सांगितले. मोठे साहेब हनुवटीला हात लावून ऐकत होते. "कुणाचं काही म्हणणं?"

"मान्य," विक्रीप्रमुख म्हणाले, पण यंत्राच्या चित्राकडे न बघता.

"मान्य," हिशेबनीस म्हणाले. त्यांची मेहुणी शिलाईत होती. ते टेबलाच्या कडेकडे बघत बोलले.

सगळ्या माना दाराकडे वळल्या. मान्यवरांनी नाकानं श्वास घेतला. दोन्ही बाजूंनी आत गेला. घशात थेंब नव्हता, खाकरायला निमित्त नव्हतं. काही म्हणजे काही आडवं नव्हतं.

"बाद," मान्यवर म्हणाले.

धाकटे साहेब मोठ्यानं हसले. "अरेरे! नाक पुन्हा बंद झालं वाटतं! बाबा, घाबरू नका, ते 'मान्य' म्हणताहेत."

"बाद म्हणाले ते," मोठे साहेब म्हणाले. "मी ऐकलं."

"तेच तर! नाक बंद असलं की त्यांच्या 'म'चा 'ब' होतो. मागच्या वेळीही ते 'मान्य'च म्हणत होते. मी स्वतः डॉक्टरांकडे नेलंय त्यांना. चला, सर्वानुमते मान्य!"

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे ती जेवणाची सुट्टी..."

"मान्य होती त्यांना."

"आणि खुर्च्या? ते संतापले होते ना?"

"घशात थेंब पडत होता, बाबा."

मोठे साहेब मान्यवरांकडे बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता, जुनी वस्तू खोटी निघाल्यावर माणूस बघतो तसं ते बघणं होतं. मान्यवरांना वाटलं, सुटलो. आता गप्प बसलं की झालं. आपण 'बाद' म्हणालो, त्याचं 'मान्य' झालं, यात आपला काय दोष? इतका सोपा रस्ता त्यांना जन्मात मिळाला नव्हता.

आणि ते उभे राहिले. पाय उभे राहिले आणि बाकीचे ते मागाहून गेले, असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

"मला मान्य नाही," मान्यवर म्हणाले.

एकूण एक 'म' जागेवर होता. एकही 'न' हललेला नव्हता.

"परत म्हणा," मोठे साहेब म्हणाले.

"मला मान्य नाही, मोठे साहेब. मनापासून मान्य नाही. मुळीच मान्य नाही."

"कारण?" धाकटे साहेब ओरडले. "कारण सांगा ना!"

मान्यवरांनी कारण शोधलं. खूप शोधलं. आयुष्यात कारण द्यायची वेळ आलेली नव्हती, त्यामुळे ते कुठे ठेवतात हेही त्यांना माहीत नव्हतं. "त्या बायका..." ते म्हणाले, आणि आवाज फुटला. "त्या बायका खाली बसल्यात. आपण इथे वर बसून त्यांना काढायचं. हे बरं नाही. कारण मला नाही सांगता येत. पण मान्य नाही."



"खरं म्हणजे," हिशेबनीस टेबलाच्या कडेला म्हणाले, "मलाही नव्हतं मान्य."

"मला तर सुट्टीचंसुद्धा नव्हतं," विक्रीप्रमुख म्हणाले. "मी सावकाश जेवतो."

मोठ्या साहेबांनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "इतकी वर्षं तुम्ही लोक मान्य म्हणत होता ते काय होतं मग?"

"सवय," हिशेबनीस म्हणाले.

यंत्र आलं नाही. मोठ्या साहेबांनी मुलाला सांगितलं, आधी दोन महिने शिलाईत जाऊन मावशींच्या हाताखाली बस, मग सुधारणा सांग. धाकटे साहेब खरंच बसले. पहिल्या आठवड्यात त्यांनी खोळीला स्वतःची बाही शिवून टाकली, आणि ती उसवताना मावशींनी त्यांना खुर्ची दिली.

सगळं गोड झालं म्हणावं, तर मान्यवरांची खरी पंचाईत तिथूनच सुरू झाली. मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं, यापुढे प्रत्येक प्रस्ताव आधी मान्यवरांकडे जाईल, बैठकीत पहिलं मत त्यांचं. खुर्ची दारापासून उचलून साहेबांच्या उजव्या हाताला आली. लोक जिन्यात गाठून विचारू लागले, उशीचा रंग निळा बरा की करडा? कॅन्टीनचा ठेका कुणाला द्यायचा? कारखान्याचं फाटक डावीकडे उघडावं की उजवीकडे? घरी येऊन पाहावं तर मामा बसलेले, "तुझं मत घ्यायला आलोय, बाळा." वर्तमानपत्र उघडायची सोय राहिली नाही.

पुढल्या आठवड्यात ते तपासणीसाठी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दिव्याची नळी घालून दोन्ही बाजू पाहिल्या.

"उत्तम! सूज गेली, थेंब थांबला. श्वास कसा आहे?"

"मस्त," मान्यवर म्हणाले, पण चेहरा पडलेला.

"मग? अजून काही त्रास?"

मान्यवरांनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

"डॉक्टर, हे परत बंद करता येईल का हो?"

"बंद?"

"कायमचं नको," मान्यवर म्हणाले. "फक्त सोमवारपुरतं."